कुलूपभाऊंचा शेवटचा नग

निवृत्तीच्या दिवशी माणसानं आरामात यावं, चार कौतुकाचे शब्द ऐकावेत आणि घरी जावं. कुलूपभाऊंच्या नशिबी तेवढंही नव्हतं. नौदलाच्या सुट्या भागांच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं किल्ल्या सांभाळल्या आणि एक खिळाही हरवू दिला नाही. हे तेच सगळ्यांना सांगत, दिवसातून दोनदा.

सकाळी दहालाच मदतजहाजाचा इंजिनिअर धापा टाकत आला. हे जहाज स्वतः फारसं लढत नाही. लढणाऱ्या जहाजांना भर समुद्रात तेल, दारूगोळा आणि जेवण पोचवतं. म्हणजे बाकीच्यांचा रुबाब याच्या जिवावर. त्याच्या तेलपंपातला पितळी पंखा मोडला होता. चारला निघायचं होतं, आणि तिकडे सहा युद्धनौका तेलासाठी ताटकळणार होत्या.

भांडारप्रमुख मॅडमनी संगणकात पाहिलं. एक नग शिल्लक. फळीवर पाहिलं, तर जागा रिकामी.

नग फळीवर कधी नव्हताच, हे फक्त कुलूपभाऊंना माहीत होतं. दुर्मीळ भाग ते मागच्या खोलीत भंगाराच्या पेटीत, तळाशी, चिंध्यांत गुंडाळून ठेवत. भंगाराला कोण हात लावतंय? ही युक्ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. ते गुपचूप मागे गेले आणि पेटी उपसली. चिंध्या होत्या, पंखा नव्हता.

आता हे सांगायचं कुणाला? सगळं भांडार फळ्या उलथ्यापालथ्या करत राहिलं आणि कुलूपभाऊ, तिथे नाही हे पक्कं माहीत असून, त्यांच्यासोबत शोधत राहिले. सगळ्यांत जीव तोडून शोधत होता भांडारातला सुतार मिस्त्री. कारखान्याला फोन झाला. नवा पंखा सात आठवड्यांनी मिळेल म्हणे.

एक वाजता मॅडम हळूच म्हणाल्या, "भाऊ, मला लिहावं लागेल. नग हरवला म्हणून."

"लिहा," कुलूपभाऊ म्हणाले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

दोनला निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, म्हणून झाला. मिस्त्रीनं कागदात गुंडाळलेली भेट हातात दिली. कुलूपभाऊंनी कागद काढला. चकचकीत लाकडी पाटी, तिच्यावर बसवलेलं पितळी चक्र, चक्राच्या मधल्या भोकात घड्याळ, आणि भोवती पितळेवरच कोरलेलं: 'कुलूपभाऊ. एकतीस वर्षं. एकही नग हरवला नाही.'

"भंगारातून काढलं, भाऊ," मिस्त्री लाजत म्हणाला. "तीन दिवस घासत होतो."

सकाळपासून तिथेच ठाण मांडून बसलेला इंजिनिअर ताडकन उठला. याला कुठे नवं भोक पाडलंय का, एवढंच त्यानं विचारलं. पाडलं नव्हतं. त्यानं घड्याळ उचकटलं, पाटीला बांधलेल्या तारा सोडवल्या, पंखा उलटसुलट करून मापला. अक्षरांचं काय, असं मॅडमनी विचारल्यावर म्हणाला, "तेलाला कुठे वाचता येतं?" आणि पंखा छातीशी धरून पळत सुटला.

दारात कुलूपभाऊ आडवे उभे.

"मागणीपत्र?"

"अहो, तुमचीच भेट आहे ना ती!"

"भेट घरी गेल्यावर. इथे तो नग आहे. सही करा, आणि मोडका परत आणून द्या."

त्यानं सही केली. कुलूपभाऊंनी मग पेटीची गोष्ट मॅडमना सांगून टाकली. त्या हसतच सुटल्या, आणि लिहिलेला कागद त्यांनी टराटरा फाडला. तीनला मोडका पंखा आला, मॅडमनी तो भेट म्हणून रीतसर मंजूर केला आणि मिस्त्रीनं त्याच पाटीवर बसवला. चारला जहाज सुटलं.

घरी बायकोनं पाटी न्याहाळली आणि तिचा पारा चढला. "एकतीस वर्षांनी हे मोडकं दिलं?"

कुलूपभाऊ तिला गच्चीवर घेऊन गेले. दूर पाण्यावर जहाज अजून दिसत होतं. त्यांनी सकाळपासूनचं सगळं सांगितलं, भंगाराच्या पेटीसकट.

"धड होता तो तिकडे चाललाय," ते म्हणाले. "माझं नाव घेऊन. सहा युद्धनौकांना तेल पाजायला."

बायको जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"सही घेतलीत ना?" तिनं विचारलं.

कुलूपभाऊंनी खिशावर हात ठेवला. "दोन प्रतींत."