मानाची पिशवी

मल्लिनाथने नवा कॅमेरा एका दुपारी घेतला आणि त्याला पिशवी कोणती घ्यावी हे ठरवायला दीड महिना लावला. लातूरला औसा रोडवर त्याचा स्टुडिओ होता. वीस वर्षं तो लग्नं, जावळं, सेवापूर्तीचे समारंभ आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस टिपत आला होता. जुना कॅमेरा टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत टाकला की झालं. त्या कॅमेऱ्याने कधी तक्रार केली नाही. पण नवा कॅमेरा आला आणि मल्लिनाथला मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा नाद लागला. जगभरातली दाढीवाली माणसं त्याला रोज बजावू लागली, की धूळ, ओल, हादरे आणि चोर हे चौघंही तुझ्या कॅमेऱ्याची वाट पाहत बसलेत.

त्याने पहिली पिशवी मागवली ती काळी, जाड, आत स्पंजचे कप्पे असलेली. ती घेऊन आलेला कुरिअरवाला दारातूनच म्हणाला, "कॅमेऱ्याची दिसतीय!" मल्लिनाथचा चेहरा पडला. जे कुरिअरवाल्याला खोक्यावरून कळतं ते चोराला पाहून का कळणार नाही? ती परत गेली. दुसरी चाकांची होती. तिला तो गल्लीच्या टोकापर्यंत ओढत घेऊन गेला आणि येताना खांद्यावर टाकून आला. तिसरीची ख्याती अशी, की तीस मीटर पाण्यात बुडाली तरी आत थेंब जाणार नाही.

"तीस मीटर?" अक्षराने, म्हणजे त्याच्या बायकोने, भाकरी थापता थापता विचारलं. "आपल्या नळाला आठ दिवसाला पाणी येतंय. बुडवायला कुठं नेताव हिला?"

तिसरीही गेली. मग एका व्हिडिओत त्याला ज्ञानप्राप्ती झाली. त्यातला माणूस म्हणत होता, की सगळ्यात चांगली कॅमेऱ्याची पिशवी म्हणजे जी कॅमेऱ्याची पिशवी वाटतच नाही. मल्लिनाथने ते अक्षराला तीनदा ऐकवलं.

"मग गंजगोलाईतल्या साडीच्या दुकानाची पिशवी घ्या की," ती वैतागून म्हणाली. "लाल-पिवळी. सगळ्या जिल्ह्याच्या हातात तीच हाय. कोण कुत्रं बघत न्हाई तिच्याकडं."

ती चिडून बोलली होती, पण मल्लिनाथचे डोळे चमकले. त्याने दुकानातून सगळ्यात मोठी, जाड कापडाची पिशवी मिळवली. जुन्या गादीचा फोम कापून तिला आतून कप्पे केले. एकात कॅमेरा, बाकीच्या दोनांत लेन्स. कंपनीचं नाव मिरवणारा पट्टाही काढून साधा काळा लावला. आणि वरून कुणी डोकावलं तर दिसायला म्हणून एक साडी मागितली. अक्षराने त्याच्याच बहिणीने दिवाळीला दिलेली, घडीही न मोडलेली जांभळी साडी आनंदाने काढून दिली.

या पिशवीचा पहिला प्रवास सिद्रामप्पांच्या मुलीच्या, सुकन्येच्या लग्नाचा. सिद्रामप्पा लातूरचे किराणा व्यापारी. मुलगी दिली होती हदगावच्या चन्नबसप्पांच्या वीरेशला. लग्न मुलाकडे होतं. सकाळी सहाला वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स निघाली तेव्हा मल्लिनाथने स्टँड आणि लाईट डिकीत टाकले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेडला चहा झाला. पिशवीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो मनातल्या मनात त्या दाढीवाल्याचे आभार मानत होता.

शेजारी सिद्रामप्पांची थोरली बहीण, उदगीरची पार्वतम्मा बसली होती. आहेराची सगळी जबाबदारी तिच्यावर होती.

"काय हाय ओ त्यात?" अर्धापूरच्या पुढे तिने विचारलं. "लातूरपासनं लेकरासारखं मांडीवर घेऊन बसलाव."

आत काय आहे ते प्रवासात कुणालाही सांगू नये, असंही व्हिडिओत सांगितलं होतं. "साडी हाय, आत्या."

"कुणाची?"

मल्लिनाथ गडबडला. "विहीणबाईची," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"अय्यो, सिद्रामनं तुमच्याजवळ दिली व्हय? बरं केलं," पार्वतम्मा समाधानाने म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

हदगावला मंगल कार्यालयात पोचल्यावर मल्लिनाथला स्टेजवरचा उजेड पाहायचा होता. पिशवी घेऊन शिडीवर चढता येईना. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि सगळ्यात भरवशाचं माणूस निवडलं.

"आत्या, एवढं जरा बघताव का? धाच मिनिटात आलो."

"बिनघोर जावा. माझ्या नजरेखालून काडी हलत न्हाई."

त्याच दहा मिनिटांत पार्वतम्माच्या लक्षात आलं, की आहेराच्या लाल-पिवळ्या पिशव्यांत विहीणबाईची मानाची पिशवी नाही. ती लातूरला दिवाणावर राहिली होती. मग तिला बसमधलं बोलणं आठवलं, आणि भावाच्या हुशारीचं तिला कौतुक वाटलं. तिने मल्लिनाथची पिशवी उचलली, ताटात ठेवली, वर कुंकवाचं बोट लावलं आणि ताट स्टेजवर धाडलं.

मल्लिनाथ परत आला तर खुर्ची रिकामी. तो खुर्चीखाली पाहत असताना माईक खरखरला.

"आता वधूपक्षाकडून विहीणबाईंचा मान!" सूत्रसंचालन शेषेराव सर करत होते. सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले होते, पण माईक त्यांच्या हातातून कुणाला काढता आला नव्हता.

मल्लिनाथने वर पाहिलं. विहीणबाईंनी पिशवीतून जांभळी साडी काढली, उलगडून पाहिली आणि शेजारणीला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाल्या, "रंग जरा म्हाताऱ्या बायकांचा हाय." मग पिशवी जड का लागते म्हणून त्यांनी आत हात घातला आणि कॅमेरा बाहेर काढला.

मांडवात शांतता पसरली. शेषेराव सरांना शांतता सहन होत नसे.

"आणि जावईबापूंना कॅमेरा! वधूपित्याच्या मनाचा मोठेपणा बघा! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्रामप्पांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, हिने परस्पर आणला. पार्वतम्माने भावाकडे पाहिलं. तिला वाटलं, याने आपल्यालाही सांगितलं नाही. चन्नबसप्पा उठून उभे राहिले. सुपारी फुटल्यापासून 'आमचं काही मागणं नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं होतं, की दरवेळी मुलीकडच्यांना काहीतरी वाढवावंसं वाटे. आताही त्यांनी हात जोडले.

"आमचं काहीच मागणं नव्हतं बरं का," ते माईकवर म्हणाले. "पण देणाऱ्याचं मन कामून मोडायचं?"

आणि वीरेशने कॅमेरा गळ्यात घातला.

मल्लिनाथ माणसांतून वाट काढत सिद्रामप्पांपाशी पोचला आणि त्यांच्या कानात सगळं बोलला. सिद्रामप्पांचा फेटा किंचित हलला.

"मल्लिनाथ, आत्ता तोंड उघडू नको. दोन हजार माणूस बसलंय. काढून घेतला तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

"पण आप्पा, माझा कॅमेरा…"

"मिळंल. लगीन लागू दे आधी."

"अन् लगनाचे फोटो कशानं काढू?"

सिद्रामप्पांनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. मल्लिनाथने मोबाईल काढला.

वीस वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. दोन्ही बाजूंना मोठाले लाईट, मधे स्टँड आणि स्टँडला दोरीने बांधलेला मोबाईल. समोर बसलेल्या शंभरेक पाहुण्यांच्या हातात त्याच्यापेक्षा चांगले मोबाईल होते. एक आजोबा त्याला म्हणाले, "बाजूला सर की बाबा, फोटो काढू दे."

त्याची नजर मात्र वीरेशच्या छातीवर खिळली होती. दीड महिना ज्यापासून कॅमेऱ्याला जपायचं त्याने घोकलं होतं, ते सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. करवलीने जिलेबीच्या बोटाने लेन्स दाबून पाहिली. एका मामाने ती उपरण्याने खसाखसा पुसली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दोन हजार माणसांच्या हळदी-कुंकवाच्या अक्षदा नवरा-नवरीवर कमी आणि कॅमेऱ्यावर जास्त पडल्या, असं तरी मल्लिनाथला वाटलं. प्रत्येक मुठीबरोबर तो डोळे मिटत होता. त्यामुळे अक्षदांचे फोटो जरा हलले.

लग्न लागलं, नवरा-नवरी सोफ्यावर बसले. वीरेशने मल्लिनाथला जवळ बोलावलं.

"दादा, हा चालू कुठून होते? मघापासून दाबून राहिलो, काहीच होऊन नाही राहिलं."

वीरेश कॅमेऱ्याला मिक्सरसारखं हाताळत होता. मल्लिनाथला बघवेना. त्याने वाकून बटण दाखवलं. बोटं इतक्या सवयीने फिरली की सुकन्या त्याच्याकडे रोखून पाहू लागली. तीन आठवड्यांपूर्वी उदगीरजवळच्या हत्तीबेटावर त्यांचे लग्नाआधीचे फोटो काढताना हाच कॅमेरा तिने दोनदा हातात धरला होता.

"मल्लिनाथदादा, ह्यो तुमचा हाय न्हवं?" तिने ओठ न हलवता विचारलं.

मल्लिनाथने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेवढ्यात वीरेशला फोटो पाहायचं बटण सापडलं. पडद्यावर हत्तीबेट आलं, पायऱ्यांवर उभी असलेली सुकन्या आली, आणि गॉगल लावून आकाशाकडे बोट दाखवणारा स्वतः वीरेश आला.

"अरे," तो म्हणाला, "नव्या कॅमेऱ्यात आपले जुने फोटो कसे काय?"

त्याने आणखी मागे जाऊन पाहिलं. कुणाचं तरी जावळ आलं. कुण्या पुढाऱ्याचा केक आला. वीरेशने समोर पाहिलं, दोरीने बांधलेल्या मोबाईलकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. पोरगा स्वभावाने सरळ होता.

"मायला, म्हणजे मी फोटोवाल्याचाच कॅमेरा घालून बसलो? काढून देतो आत्ताच."

"थांबा," सुकन्या म्हणाली. "असाच दिला तर माझ्या बापाची इज्जत जाईल. लपवून दिला तर उद्या तुमचे आप्पा विचारतील, कॅमेरा कुठंय. ज्यानं माईकवरून दिला त्यालाच परत द्यायला लावू."

"कोणाला?"

सुकन्येने शेषेराव सरांना खूण केली. सर माईकसकट आले.

"सर," ती खाली मान घालून, नव्या नवरीला शोभेल अशा आवाजात म्हणाली, "मामंजी हुंड्याच्या लई विरोधात हायत. कॅमेरा परत करायचं त्यांच्या मनात हाय, पण सोत्ताहून सांगायला संकोच वाटायलाय त्यांना."

सरांचा चेहरा उजळला. असा विषय त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" त्यांचा आवाज कार्यालयाबाहेर जिलेबी तळणाऱ्यांपर्यंत गेला. "आज हदगावनं इतिहास घडवला आहे! चन्नबसप्पा, या पुढे! या माणसानं शब्द दिला होता, आमचं काही मागणं नाही. आणि हा शब्द पाळण्यासाठी ते हा कॅमेरा, एवढा महागाचा कॅमेरा, वधूपित्याला परत करत आहेत!"

चन्नबसप्पा हातातली बासुंदीची वाटी घेऊन वळले. आपण असं काही करत आहोत, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि मघाच्यापेक्षा दुप्पट होत्या. लोक उभे राहिले. एका आमदाराच्या चुलतभावाने त्यांच्या गळ्यात हार घातला. वाटी कुणीतरी काढून घेतली, कॅमेरा कुणीतरी पिशवीसकट हातात दिला. चन्नबसप्पांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं, आणि छाती पुढे काढली.

"आमचं पहिल्यापासूनचं तत्त्वच हाये ते," ते माईकवर म्हणाले. "पोरगी हेच आमचं धन."

सिद्रामप्पांनी दोन्ही घेतलं, पिशवी मल्लिनाथच्या हातात दिली आणि कॅमेरा तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात अडकवला, "धर, जरा फोटो काढ," असं म्हणत. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त पार्वतम्मा शेजारणीला म्हणाली, "आमचा सिद्राम येडा हाय. परत आलेला कॅमेरा फोटोवाल्याला देऊन बसला."

वऱ्हाड निघताना चन्नबसप्पांनी सिद्रामप्पांना बाजूला घेतलं. "तत्त्वाचा प्रश्न होता म्हणून परत केला, पाव्हणं. तसा पोराला फोटोचा लई नाद हाये बरं का. आमचं काही मागणं नाही." सिद्रामप्पांनी हात जोडले. बसमध्ये मात्र ते लोह्यापर्यंत हसत होते.

लेन्समधला हळदीचा कण काढायला मल्लिनाथला दोन दिवस लागले. चौथ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली: 'हदगावात आदर्श विवाह, वरपित्याने कॅमेरा नाकारला'. खाली मोबाईलने काढलेला, जरा हललेला फोटो होता. पंधरा दिवसांत चन्नबसप्पांचे तीन ठिकाणी सत्कार झाले. तिसऱ्या सत्कारात त्यांनी दोन कॅमेरे नाकारल्याचं सांगितलं.

महिनाभराने मल्लिनाथला उमरीहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलाचं लग्न होतं.

"हदगावचं लगन तुम्हीच केलं म्हणं?"

"हाव, मीच केलं."

"मग आमचंबी तुम्हीच करा. फोटो कसेबी काढा, आमचं काही म्हणणं न्हाई. पण त्यो कॅमेरा परत द्यायचा कार्यक्रम तेवढा आमच्याकडंबी व्हायला पायजे. पेपरवाल्याला सांगून ठिवलंय." मग थोडं थांबून ते म्हणाले, "कार्यक्रम कवा ठिवावा म्हणताव? अक्षदेच्या आधी का नंतर?"

मल्लिनाथने क्षणभर विचार केला.

"आधीच ठिवा," तो म्हणाला. "नंतर मला फोटो काढायचे असतेत."