डार्विनवर भात

पाहुणे यायला वीस मिनिटं राहिली होती, तेव्हा स्वयंपाकघरातली मांडणी खिळ्यांसकट भिंतीतून निखळली आणि घरातल्या यच्चयावत काचेच्या ताटल्या फरशीवर येऊन फुटल्या. मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. चष्मेवाल्यांच्या बायकोने काचा भरल्या, नव्या पाहुण्यांपुढे स्टीलच्या ताटल्या कशा मांडायच्या म्हणून कपाळाला हात लावला आणि बाहेरच्या खोलीतल्या शोकेसकडे पाहिलं.

“अजिबात नाही!” चष्मेवाले ओरडले.

“मी अजून तोंड उघडलेलं नाही.”

“पण बघितलंस ना!”

तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाला बायकोची नजर कळणारच. शोकेसमध्ये त्यांचा जीव होता. शास्त्रज्ञांची चित्रं असलेल्या, सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या प्लेटा. न्यूटन, डार्विन, मेरी क्युरी, पाश्चर, गॅलिलिओ. एकेक करून टपालाने मागवलेल्या. त्यांच्यावरची धूळ ते स्वतः पुसत, तीही श्वास रोखून.

“त्या जेवायला नाहीत, बघायला आहेत.”

“मग पाहुण्यांनाही जेवण नुसतं दाखवू आणि वाटेला लावू.”

“बाबा,” मुलगी रडकुंडीला आली, “त्याची आई फार बारकाईने बघते हो.”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. चष्मेवाल्यांनी मुलीकडे पाहिलं आणि खिशातून शोकेसची किल्ली काढली.

होणारा जावई, त्याचे आईवडील, मुलगी आणि बायको अशी पाच पानं मांडली. ‘माझं पोट जरा बरं नाही,’ असं सांगून चष्मेवाले पंच पाठीमागे उभा राहावा तसे उभे राहिले.

“अगंबाई, भाताखाली कोणीतरी आहे!” होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या. “हे दाढीवाले कोण?”

“डार्विन. जरा बेताने हं, चमचा डोळ्यात जातोय त्यांच्या.”

जावई न्यूटनवर चमच्याने खसाखसा रस्सा कालवत होता. त्या प्रत्येक खरखरीला चष्मेवाल्यांच्या दातातून कळ जात होती. शेवटी होणाऱ्या व्याह्यांनी पाणी प्यायला मान वर केली आणि ग्लास खाली ठेवतात तो समोरची प्लेट गायब!

“अहो, मला अजून भात…”

“झालंच होतं की तुमचं!” म्हणत चष्मेवाले पाश्चरना घेऊन मोरीकडे पसार झाले होते. पाठोपाठ न्यूटन गेला. मग मेरी क्युरी. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

“लाज वाटते का?” बायको आत येऊन दबक्या आवाजात कडाडली. “पाहुण्यांच्या तोंडातला घास काढून घेताय!”

“तोंडातला नाही, पाश्चरवरचा.” तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसे ते कापसाने प्लेट पुसत होते. बायकोने हताश होऊन स्टुलावर बसकण मारली. नेमक्या तेव्हाच विहीणबाई हात धुवायला दारात आल्या. बाह्या सरसावून भांडी धुणारे यजमान आणि बसलेली यजमानीण त्यांनी नीट न्याहाळली, हात न धुताच त्या परत फिरल्या आणि दहा मिनिटांत मंडळी निघून गेली.

“मोडलं,” मुलगी म्हणाली आणि आत जाऊन पडली.

चष्मेवाल्यांना पहिल्यांदाच त्या प्लेटांकडे बघवेना. ‘आपणच फोन करून पाय धरावेत,’ असं म्हणत ते उठले, इतक्यात फोनच वाजला. पलीकडे होणारे व्याही होते, अगदी हळू बोलत होते.

“अभिनंदन. लग्न पक्कं.”

“काय सांगता!”

“ही म्हणते, ज्या घरात बाप पाहुण्यांची उष्टी स्वतः उचलून धुतो, त्या घरचीच मुलगी आणायची.”

“वा, वा!”

“वा काय? घरी आल्यापासून मला मोरीपुढे उभं केलंय, तेही अर्धपोटी. अहो, तेलकटपणा कशाने जातो?”

चष्मेवाले कोमट पाण्याचं महत्त्व समजावू लागले, तोच स्वयंपाकघरातून बायकोचा गोड आवाज आला, “सावकाश बोला हं. झालं की कुकर आणि कढई ठेवलीय तुमच्यासाठी.”