शिमग्याला सात

शेट्ये सरांच्या दारात उभं राहून 'सर, घरात आहात का?' असं विचारू नये. सर स्वतःच दार उघडतात आणि म्हणतात, "प्रश्न चुकला. समोर दिसतोय, मग विचारतेस काय?"

'प्रश्न चुकला' हे त्यांचं पालुपद. उत्तर चुकतं हे त्यांना मुळी मान्यच नाही. मांडवीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे बहुतेक चुकलेले प्रश्न माझ्याच नावावर जमा आहेत. मध्यंतरी कंबर धरली म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी 'दुखतंय का?' विचारलं. दुखणं वर्णनात्मक असताना प्रश्न हो-नाहीचा का घातला, हे सरांनी कण्हत कण्हत त्यांना समजावलं. बाहेर ही रांग. हसावं की लपावं, मला कळेना.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक कलमं लावतात. सरांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, प्राथमिक शाळेतल्या मुलांची चुकीची उत्तरं आणि त्यावरून अभ्यासक्रमाची तपासणी. एसटीनं शाळा-शाळा हिंडून त्यांनी रद्दीत निघालेले पेपर गोळा केले. संशोधनात नावं झाकायची असतात म्हणून प्रत्येक नावावर कागदाची पट्टी डकवली. पेपर पलंगावर आणि सर खाली चटईवर, अशी व्यवस्था झाली. टायपिंग माझ्याकडे आलं, कारण मी एका शाळेत कारकून, आणि लहानपणी गावच्या शाळेत त्यांचीच विद्यार्थिनी. नाही म्हणायची सोयच नव्हती.

पहिलं प्रकरण मात्र त्यांनी मला दाखवलंच नाही. हातानं लिहून परस्पर पाठवलं. तेच नडलं. मार्गदर्शक बाईंनी कळवलं, एका मुलाच्या एका उत्तरावर प्रकरण उभं राहत नाही. ते काढा, नाहीतर प्रबंध पुढे पाठवणार नाही. एरवी बाईंचा स्वल्पविरामही शिरोधार्य मानणारे सर अडून बसले. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. मी चिडले. असं काय आहे त्या पेपरात, म्हटलं.

सरांनी पेटी उघडून तो माझ्या हातात दिला. तिसरीचा पेपर. प्रश्न होता, तुमच्या घरात किती माणसे राहतात? खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शिमग्याला सात. गणपतीत सात. मग चार.' शेजारी लाल शाईचं शून्य.

पट्टी काढायची गरजच पडली नाही. माझे बाबा आणि दोन्ही काका मुंबईला होते, सणालाच घरी यायचे.

"हे माझं," मी म्हटलं.

"शून्य मी दिलं गो," सर म्हणाले. "मला एकच आकडा हवा होता. आपल्याकडे अर्धं घर मुंबईला, हे मला ठाऊक नव्हतं होय? प्रश्न माझा चुकला. सांगायचा धीर झाला नाही इतकी वर्षं."

ते शून्य मी केव्हाच विसरले होते. पण माझं उत्तर कुणीतरी इतकी वर्षं जपलं, त्याच्यापायी म्हातारपणी पुन्हा शाळा-शाळा पालथ्या घातल्या, या विचारानं मला भरून आलं. तुमचे फार उपकार आहेत, असं मी सरांना सांगूनही टाकलं. ते चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मीच बाईंना फोन लावला. ती मुलगी मी, असं सांगून उत्तर वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, प्रकरण नको, त्याची प्रस्तावना करा. सरांनाही ते पटलं.

प्रस्तावना टाइप करायला मी सरांकडे बसले. उत्तर उतरवता उतरवता सहज विचारलं, "सर, तुमच्या घरात किती माणसं?"

'प्रश्न चुकला' म्हणतील अशी माझी खात्री होती. सरांनी मात्र विचार केला.

"मुलगा सून-नातीला घेऊन मे महिन्यात येतो, तेव्हा चार. एरवी एक," ते म्हणाले. "तू टायपिंगला आलीस की दोन."