माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवण्यात माझा हात धरणारं या शहरात कोणी नाही, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! सोळा वर्षांत सातशे माणसांना मी ड्रायव्हिंग शिकवलं. नवरा मागच्या सीटवर बसला की स्टिअरिंग सोडून भांडणाऱ्या बायका, समोरून बस आली की डोळे मिटून घेणारे प्राध्यापक, सगळे माझ्या हाताखालून गेले. माझं गुपित एकच. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी उजवा पाय दाबतो. गाडी जागच्या जागी! त्या पायाला आता इतकी सवय झालीय, की घरी बायकोचा आवाज चढला तरी तो आपोआप दाबला जातो. तिथे मात्र काहीच थांबत नाही.

तर एका सोमवारी आमची भिंगरी शाळेतून तोंड पाडून आली. भिंगरी म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी. शनिवारी तिच्या वर्गाची तळ्यापर्यंत सायकल सहल होती, आणि अख्ख्या वर्गात सायकल न येणारी ही एकटीच!

"आई, मला सायकल कोण शिकवेल गं?" तिने विचारलं.

मी तिथेच बसलो होतो! समोर! पायमोजे काढत! सातशे लोकांचा मास्तर घरात असताना पोटची पोर 'कोण' म्हणून विचारते? काळजात चर्र झालं. पण खरं सांगू का, तिची काही चूक नव्हती. मी भल्या सकाळी दुसऱ्यांना शिकवायला बाहेर पडतो, आणि परत येतो तेव्हा ओरडून ओरडून माझा घसा बसलेला असतो.

"मी शिकवणार!" मी गरजलो. "शनिवारी तू सगळ्यांच्या पुढे!"

बायको भाजी चिरता चिरता थांबली. "अहो, पण तुम्हाला..."

"तू मध्ये बोलू नकोस!"

दोन दिवस जेवणाच्या टेबलावर थिअरी झाली. मीठदाणी म्हणजे ट्रक, चमचे म्हणजे रस्ते, पाण्याचा तांब्या म्हणजे चौकातला हवालदार. भिंगरीने हाताचे सगळे सिग्नल पाठ केले. खुर्चीवरून उठायचं झालं तरी ती आधी उजवा हात बाहेर काढायची! आम्ही दोघं इतके हसलो, की याआधी असे कधी एकत्र बसलो होतो ते मला आठवेना.

"बाबा, पण सायकलवर कधी बसायचं?"

"घाई नको! घाई करणारे माझ्याकडे तीन-तीनदा नापास होतात."

बुधवारी प्रॅक्टिकल. आमच्या घरासमोरची गल्ली आधी सपाट, मग थेट उतार, आणि उताराच्या टोकाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचं हिरवंगार झुडपांचं कुंपण. मी भिंगरीच्या पाठीवर शिकाऊ चालकाची 'एल'ची पाटी लावली आणि तिच्या सायकलच्या सीटला एक जाड दोर बांधला. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. हा माझ्या बाजूचा ब्रेक!

तिने जरा वेग घेतला की मी दोर ओढायचो आणि ती धप्पकन पडायची. बुधवारी बारा वेळा पडली. गुरुवारी नऊ वेळा. मी म्हटलं, बघा, प्रगती आहे!

"बाबा, मी पडत नाही. तुम्ही पाडता!"

"मी तुला जपतोय!"

ती पायरीवर जाऊन बसली. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, डोळ्यांत पाणी. "मला नाही जमणार. मी शाळेत बाईंना सांगते, माझ्या पोटात दुखतंय." मग नाक पुसून म्हणाली, "तुम्ही एकदा चालवून दाखवा ना. म्हणजे मला कळेल."

खिडकीतून बायको खोकली. तिचं सोमवारचं अर्धवट राहिलेलं वाक्य आता मीच पूर्ण करतो. मला सायकल येत नाही! लहानपणी एकदा आपटलो, आणि चार चाकं असल्याशिवाय कशावरही बसायचं नाही असं ठरवून टाकलं.

पण ते भरलेले डोळे पाहून मला राहवेना.

"काढ आईची सायकल!"

सपाट भाग छान गेला, कारण माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. मग उतार लागला. पाय आपोआप पेडलवर गेले आणि मी घाबरलो. घाबरल्यावर मी काय करतो? उजवा पाय दाबतो! गच्च दाबला. सायकल थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली! पेडल फिरून वर आलं, मी आणखी जोरात दाबलं. आणखी सुसाट! जितका ब्रेक लावावा तितका वेग!

"हाताचा ब्रेक, बाबा! हाताचा!" मागून भिंगरी किंचाळली.

मी हाताला लागेल ते दाबलं. घंटी वाजली.

गेटपाशी डॉक्टरीणबाई पाइपने झाडांना पाणी घालत होत्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी. "मास्तर, समोर बघा!" त्या ओरडल्या. समोरच बघत होतो हो! मी पाइपच्या धारेखालून गेलो, ओलाचिंब झालो आणि कुंपणात कंबरेपर्यंत शिरलो.

"वळताना सिग्नल दिला नाहीत, मास्तर," बाई शांतपणे म्हणाल्या. याच वाक्याने मी त्यांना एकदा रडवलं होतं. उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात पाला होता.

इतक्यात एक सायकल सर्रकन आली. उजवा हात बाहेर, सिग्नल. वेग कमी. हाताचा ब्रेक. डावा पाय खाली. दोर मागे जमिनीवर लोळत होता, दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं.

"बाबा, लागलं का?"

"तू... तू कशी आलीस?"

"तुम्ही पडणार होतात ना! म्हणून आले!" तिने खाली सायकलकडे पाहिलं. मग दोराकडे. मग माझ्याकडे. "बाबा! मी चालवली!"

मी पाल्यासकट तिला मिठी मारली. रडलोही, पण अंगावर पाणीच इतकं होतं की कोणाला कळलं नाही.

शनिवारी ती सहलीला गेली. सगळ्यांच्या पुढे नाही, मागून तिसरी. पण प्रत्येक वळणावर हात दाखवणारी मात्र तीच एकटी!

आता रविवारी सकाळी गल्लीत शिकवणी असते. पाटी माझ्या पाठीवर, दोर तिच्या हातात. ती तो कधीच ओढत नाही. परवा मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "ओढला की पडतं माणूस."

काल तिने मला माझ्याच छापील फॉर्मवर निकाल दिला. तोल : ठीक. हाताचा ब्रेक : ठीक. उजवा पाय : अजून ऐकत नाही. खाली शेरा होता : 'विद्यार्थी प्रेमळ आहे, पण बोलतो फार. बोलणं कमी केल्याशिवाय पास करणार नाही.'

मला पास व्हायचंय हो. थांबतो.