महाराणीचा पान्हा आणि आईसाहेबांचं मौन

पोराला दोन दिवस घरात अडकवून ठेवायचं, त्यात काय मोठंसं! आईसाहेबांनी सगळं योजून ठेवलं होतं. आईसाहेब हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकाचीही नव्हती.

पोरगा गुरांचा डॉक्टर, त्यातून संशोधनवाला. वर्षातून एकदा उगवायचा आणि कपातला चहा निवायच्या आत मावळायचा. या खेपेलाही आला तो महाराणी गायीसाठी! महाराणी शांत असताना तिच्या कासेतलं रक्त किती जोरात धावतं ते यंत्रावर मोजलं, की स्वारी मोकळी.

म्हणजे महाराणीला शांत होऊ दिलं नाही, की झालं!

"आई, कासेच्या शिरांना बारीक कुलपं असतात बघ," तो यंत्राचा पट्टा बांधत म्हणाला. "गाय घाबरली की रक्तात भीतीचा रस उतरतो आणि किल्लीसारखा त्या कुलपांत बसतो. शिरा आवळतात, रक्त कमी पडतं. तू म्हणतेस ना, गाय पान्हा चोरते? त्यातलीच ही भानगड. दुसऱ्या जातीची कुलपं शिरा सैल करतात."

"म्हणजे एक सासू नि एक सून!"

"तसं समज."

आता खरं गुपित असं, की महाराणी आईसाहेबांचं तोंड सुटल्याशिवाय पान्हाच सोडत नसे. घर रिकामं झाल्यापासून दिवसभराचं बोलणं त्या तिच्याच कानात ओतायच्या. म्हणून आज आईसाहेबांनी ओठ शिवून घेतले.

गोठ्यात अशी शांतता महाराणीनं जन्मात ऐकली नव्हती. ती बिथरलीच! यंत्रावरच्या लाटा चपात्यांसारख्या सपाट. बादली उडाली, डॉक्टर शेणात बसले.

"आई, बोल ना तिच्याशी काहीतरी!"

आईसाहेबांनी घशाकडे बोट दाखवलं. बसलाय!

तेवढ्यात महाराणीनं त्यांच्या अंगठ्यावर खूर ठेवला.

"अगं सटवे! डोळे फुटले का तुझे? फुकटखाऊ, नतद्रष्ट…"

लाटा डोंगराएवढ्या उसळल्या! धारा सुरू!

"थांबू नकोस, आई!" पोरानं फोन काढून सगळं भरून घेतलं. मग आईला बाहेर उभं करून फोनच वाजवला, तर त्या फितूर गायीनं फोनलाही पान्हा सोडला! "तिकडच्या गायींनाही हेच ऐकवतो," म्हणत त्यानं पिशवी उचलली.

शिव्या निघाल्या शहराला. आई राहिली दारात.

"मग माझ्याही फोनात तुझं काहीतरी भरून जा," त्या तिसरीकडे बघत म्हणाल्या.

संध्याकाळी गोठ्यात बसून त्यांनी फोनचं बटण दाबलं.

"आई, जेवलीस का?"

"जेवले रे. भाजी जरा खारट झाली होती." थोडं थांबून त्यांनी पुन्हा दाबलं.

"आई, जेवलीस का?"

"मेल्या, सांगितलं ना आत्ता! बहिरा झालास का?" आईसाहेब कडाडल्या.

आणि शेजारी, कुणी हात न लावताच, महाराणीच्या कासेतून धार लागली. बादली मात्र घरातच राहिली होती, आणि आणून द्यायला कुणी नव्हतं.