दामूकाकांची चकरी

आमच्या शेजारच्या दामूकाकांकडे गेलात तर "या, बसा" मागाहून. आधी ते भिंतीकडे बघत. आमच्या लकडगंजच्या गल्लीत विजेची मीटरं नवीनच लागली होती आणि काकांच्या मीटरच्या काचेआड वीज जळेल तशी एक चकरी फिरायची. तिच्यासमोर स्टूल टाकून हा भला माणूस दिवसभर पहारा देई!

कुणी बटण दाबलं की ओरडत, "काहून पळून राहिली गा हे?" सगळं बंद करून चकरी थांबली की मिशीत हसत, "पाहा, कशी चूप बसली!"

नागपूरचा उन्हाळा, डोक्यावर पंखा आणि पाहुण्याच्या हातात विंझणा! "तो पंखा शोभेचा हाय," काका बजावत. एकदा काकांच्या मते सगळी बटणं बंद, तरी चकरी सरकू लागली. झालं! कुणीतरी वीज चोरतंय म्हणून काठी घेऊन काकांनी गल्ली पालथी घातली. शेवटी निघालं काय, तर देवघरातला झिरोचा बल्ब. स्वतःच लावून विसरलेले. तरी देवालाच दटावलं, "तुमाले समईत भागत नाही का?"

मग त्यांची एकुलती लेक शकू बाळंतपणाला माहेरी आली. काकू केव्हाच गेलेल्या. आम्ही म्हटलं, पोर उकडून जाते आता. पण कसचं काय! वाळ्याचा कूलर आला, पंखा सुटला, दिवे लागले. नातू झाला आणि चकरी तर नुसती गरगर फिरत होती.

मला राहवेना. "काका, पळून राहिली ना!"

"पळू दे ना बे! नातवाले घाम आला तर तू येशील का वारा घालाले?"

शकू बाळाला घेऊन सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दुपारी मी डोकावलो. खोलीत चिटपाखरू नाही आणि कूलर धो धो सुरू. रिकामा पाळणा वाऱ्याने हलत होता. काका स्टुलावर.

"काका, कोणी नाही अन् कूलर?" मी बटणाकडे हात नेला. त्यांनी तो धरला.

"राहू दे गा. बंद केला का चकरी थांबते." नजर मीटरवरच. "थांबली का घर लय खाली-खाली वाटते मले."

इतकी वर्षं थट्टा केली त्या चकरीची. दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या बाजूला बसून मीही ती फिरताना बघत राहिलो.