वर काय घालतलंस?

इनासमामा दात काढायला गेले तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी फी सांगितली, मामांनी ती खाली आणली, मग खुर्चीत आडवे झाले, आ केला आणि त्याच उघड्या तोंडानं विचारलं, "वर काय घालतलंस?" डॉक्टर बिचारे नवीन. शेवटी दात घासायचा एक ब्रश देऊन त्यांनी सुटका करून घेतली. मामांच्या तोंडात आता खालचे दोनच दात उरले होते, पण ब्रश त्यांनी सोडला नाही.

मालवणच्या बाजारात मासळीचा भाव ठरला की टोपलीतले चार मासे वर टाकून घ्यायची रीत आहे. कोळणीला त्याचं काही वाटत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. पण ही रीत मासळीपाशीच थांबावी की नाही? या माणसानं फ्रीजवर पंखा मागितलेला आहे. मामा म्हणजे इनास डिसोझा, आमचे शेजारी. उभा जन्म बोटीवर स्टोअरकीपर म्हणून गेला. बंदरोबंदरी कांदे-बटाटे घासाघीस करून घ्यायचे, तेही समोरच्याची भाषा येत नसताना. निवृत्त होऊन मालवणात आले, मग बायको गेली, मुलगी गोव्यात नांदते, आणि ती सगळी घासाघीस माझ्या आणि माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, वाट्याला आली. आमचं घर भाड्याचं. दोन घरांच्या मध्ये एक बुटका दगडी गडगा. तो ओलांडून मामा रोज संध्याकाळी आमच्या पडवीत चहाला येत आणि चहावर बिस्किट मागत. बिस्किट आधीच बशीत ठेवलं तर रागावत. मागून मिळालेलंच त्यांना गोड लागे.

तर आमच्या घरमालकाला घराचं होमस्टे करायचं सुचलं. गणपतीच्या आत जागा मोकळी करा, म्हणाला. सुजातानं पदर खोचला. "यंदाचा गणपती स्वतःच्या घरात. आता दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही मला." माझी कचेरी ओरोसला, तेव्हा शोध तिकडेच सुरू केला. आणि मामा म्हणाले, "परबा, तुका सौद्यातला काय कळता? माका वांगडा घे."

मी त्यांना सोबत घेतलं. इथेच मी फसलो.

बसमध्ये त्यांनी आम्हाला शिकवणी दिली. घर बघताना हसायचं नाही. विहिरीत डोकावायचं, पण पाणी गोड म्हणायचं नाही. निम्म्यानं मागायचं, नाही म्हटलं की उठायचं. "फाटकापर्यंत चलत जावचां. घर इकूचां आसात तर मागसून साद येताच." पहिल्याच घराच्या परसात सुजाता चुकून म्हणाली, "अय्या, काय सुंदर जांभूळ!" मामांनी कपाळावर हात मारला. "गो बाये, ह्या एका जांभळाचे किती पैशे पडतले म्हायत आसा?" ते मालकाच्या देखत म्हणाले. पुढे निम्म्यानं मागितलं, उठले, फाटकापर्यंत गेले. मागून साद आली नाही. मागून कुलूप लावल्याचा आवाज आला.

देवबागला एकानं चांगलं आटोपशीर घर दाखवलं. कचेरीपासून लांब पडलं असतं, पण सुजाताला आवडलं होतं. मामा अंगणात उभे राहून दोन्हीकडे बघत म्हणाले, "हय खाडी, थय दर्या. परबा, तू घर घेतंस काय होडी?" मालक पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेला. त्यानं चहा आत परत नेला. तिसऱ्या ठिकाणी मामांनी गप्प बसायचा डाव टाकला. समोरचा अस्वस्थ होऊन आपणच भाव उतरवतो, असं त्यांचं शास्त्र. समोरचा म्हातारा खांबाला टेकून झोपी गेला. दुसऱ्या दिवशी ते घर दुसऱ्यानं घेतलं.

माझं टाळकं फिरलं. आम्ही बेघर व्हायची वेळ आली होती आणि या माणसाला डाव सुचत होते! सुजाता तर स्पष्टच बोलली, "आपल्याला घर मिळू नये, असंच आहे त्यांच्या मनात." मला ते पटलं. पुढच्या रविवारी ओरोसजवळ सावंतबाईंचं घर बघायला जायचं होतं. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या, पुण्याला मुलाकडे निघालेल्या. मामांना कळवायचं नाही असं ठरलं. पहाटे स्टँडवर गेलो, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये बसलेले. आमच्यासाठी सीटवर रुमाल टाकलेला.

"आज मी तोंड उघडूचंय नाय," ते म्हणाले.

बाईंच्या उंबरठ्यातच उघडलं. भिंती टकटक वाजवल्या, न्हाणीघर हुंगलं आणि निम्म्यानं मागितलं. माझे कान तापले. बाई कडाडल्या, "घर बघूक इल्यात की मेलेलां ढोर?" मामा उठले. फाटकाकडे निघाले. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे घर तिनं मनात केव्हाच मांडून टाकलं होतं.

"ओ! थांबा," बाईंनी हाक मारली.

मामा थांबले. तासाभरात भाव आमच्या आवाक्यात आला. मी हात जोडणार, एवढ्यात त्यांनी विचारलंच, "आणि वर काय घालतल्यात?" मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मामांनी पडवीतल्या जुन्या लाकडी बाकड्याकडे बोट दाखवलं. "तां हयच रवांदे."

बाईंचा चेहरा उतरला. "तां माझ्या घोवाचां. ते सांजचे थंय बसत. पुण्याच्या फ्लॅटात तां मावूचां नाय."

"मगे बरां झाला," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुमी कधी इल्यात तर तुमकाय बसूक होतला."

परतीच्या बसमध्ये मी भडकलो. "एका बाकड्यासाठी सगळं मोडलं असतं! काय करायचंय ते मोडकं बाकडं?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. "ओरोसाक येतलंय तेवा बसतलंय खंय मी?"

आता सांगा, याला काय म्हणायचं? आमच्या घरात, आम्हाला न विचारता, हा माणूस स्वतःची जागा ठरवून आला होता! आणि एवढं करून आला का? नाही. आम्ही राहायला गेलो, गणपती झाले, बाकडं रिकामंच. फोन केला की "बघूया." शेवटी एका रविवारी मी तणतणत मालवणला गेलो. आमच्या जुन्या पडवीत पर्यटकांचे टॉवेल वाळत होते. गडग्याच्या अलीकडे, स्वतःच्या अंगणात, मामा चहा पीत होते. बशीत बिस्किट नव्हतं. ज्याच्याकडे मागावं असं कोणी उरलं नव्हतं.

"चला," मी ओरडलो. "बाकडं घेतलंत ना मागून? मग बसा येऊन! आठवडाभर तरी बसा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "येतलंय. पण वर काय घालतलंस?"

"मागची खोली. कायमची," मी रागानंच म्हणालो. सुजातानं ती केव्हाच झाडून ठेवली होती.

मी वाट बघत राहिलो. आता हे काहीतरी वाढवून मागणार, निदान फाटकापर्यंत तरी चालत जाणार. मामांनी कप खाली ठेवला, आत गेले आणि कपड्यांची पिशवी घेऊन आले.